हात मागे

निर्मळ गावातल्या त्या वाडीत पाय ठेवायचा तर आधी पिशवी उघडून दाखवावी लागे. फाटकातून आत आलं की चिकूच्या झाडाखाली एक लांब लाकडी बाक, बाकावर मेणकापड, आणि पलीकडे बाई उभ्या. बुटक्या, रुंद हाडाच्या, केस मानेवर कापलेले, अंगात पुरुषी शर्ट आणि त्यावर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग. "उघडा," एवढंच म्हणायच्या. पिशवीतली एकेक वस्तू दोन बोटांनी बाहेर काढून उजेडात धरायच्या आणि बाकाच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला ठेवायच्या. उजवीकडचं आत जायचं, डावीकडचं जप्त. जप्त झालेलं दुपारी परत मिळायचं, पण सोबत बाईंचा एक कटाक्षही मिळायचा आणि तो थेट घरापर्यंत पुरायचा.

बाईंनी सगळी नोकरी विमानतळावर कस्टममध्ये काढली. निवृत्त होऊन त्या बापाच्या वाडीत परत आल्या तेव्हा गावाला वाटलं, आता या रोज चर्चला जातील, कोंबड्या पाळतील आणि भाच्यांची लग्नं जमवतील. चर्चला त्या जातात, आणि सगळ्यांच्या वरचा आणि वेगळाच सूर लावून गातात. कोंबड्याही आहेत. भाच्यांनी आपापली लग्नं स्वतःच जमवली. बाईंनी मात्र अर्ध्या वाडीतल्या केळी तशाच ठेवून बाकीच्या अर्ध्यात एक जागा उभी केली. ज्यांना सरकार हल्ली दिव्यांग म्हणतं आणि शेजारी हळू आवाजात 'बिचारा' म्हणतात, अशी मोठी मुलंमाणसं तिथे सकाळी येतात, मातीत काम करतात आणि दुपारी घरी जातात. गाव त्यांना कस्टमबाई म्हणतं. त्यांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण त्या नावाने हाक मारली तर त्या ओ देत नाहीत, म्हणून मीही ते इथे वापरत नाही.

आईबाप आत काय काय लपवून नेतात ते त्या बाकावर पाहावं. ओले टिश्यू, चमचे, जादा कपडे, मोजे, कार्टून लावून ठेवलेले मोबाइल. एका बापाने मुलाच्या टोपीत बिस्किटाचा पुडा ठेवला होता. बाईंनी टोपीला हात न लावता फक्त वास घेतला आणि कंपनीचं नाव सांगितलं. नाक भलतंच तिखट. आपण साबण बदलला की दुसऱ्या दिवशी त्या तसं तोंडावर सांगायच्या, आणि आधीचा बरा होता हेही सांगायच्या. मला म्हणाल्या होत्या की एक वेळ सोनं सोडीन, पण नॅपकीन सोडणार नाही. नॅपकीन घेऊन येणारी आई म्हणजे मुलाचे हात मळायच्या आधीच पुसायला निघालेली, असं त्यांचं ठाम मत.

वाडीत पाटी नव्हती. 'थेरपी' हा शब्द काढला की बाईंचा चेहरा उतरायचा. पण सगळं पक्कं आखलेलं होतं. वाटेवर अनवाणी चालायचं. आधी वाळू, पुढे वाळलेली केळीची पानं, मग नारळाची सोडणं आणि शेवटी चिखल. वळणावर गवती चहा, विहिरीपाशी सोनचाफा, शेडच्या दाराशी कढीपत्ता, म्हणजे ज्याला दिसत नाही त्याला नाकाने कळावं की आपण कुठवर आलो. चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठी कमरेइतके उंच वाफे. हे सगळं मुंबईहून येणाऱ्या एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट मुलीने ठरवून दिलं होतं आणि बाई तिच्याशी एकेका झाडावरून भांडल्या होत्या. मुलगी म्हणाली, वाटेवर मोगरा नको, काही जणांना तो वास सोसणार नाही. बाई म्हणाल्या, माझ्या बापाने लावलाय, ज्याला सोसत नाही त्याने नाक धरून जावं. शेवटी मोगरा विहिरीमागे हलला. त्यानंतर बरेच दिवस बाई त्या मुलीला 'साहेब' म्हणत होत्या आणि ती मुलगी मुकाट ऐकून घेत होती.

आमचा संबंध आला तो मंजूमुळे. मंजू माझी धाकटी बहीण, तिशी ओलांडलेली. तिला ऑटिझम आहे. त्याला हे नाव मिळायलाच इतकी वर्षं लागली की तोवर आईने घरात स्वतःची पद्धत बसवून टाकली होती. ओलं, चिकट, बुळबुळीत काही हाताला लागलं की मंजू मुठी आवळते आणि डोकं भिंतीवर आपटते. तेव्हा तिच्या हाताला काही लागूच द्यायचं नाही, ही आईची पद्धत. भरवणं, वेणी, दात, आंघोळ, सगळं आई करायची. मंजूच्या मुठी आणि आईचे हात, असा आमच्या चंदनसारच्या फ्लॅटचा कारभार होता. मंजू बोलते मोजकं. कुठेतरी ऐकलेलं उचलून ठेवते आणि बऱ्याच दिवसांनी, आपण विसरून गेल्यावर, अगदी बरोबर जागी काढते. लहानपणी एक पाहुणे निघाले तेव्हा ती म्हणाली होती, "एकदाचे गेले." ते वाक्य माझ्या वडिलांचं होतं.

वडील गेले आणि आईचे गुडघे गेले, तेव्हापासून आईने एकच प्रश्न धरला: माझ्यानंतर हिचं कसं? डॉक्टरला विचारायची, देवळात विचारायची, रिक्षावाल्यालासुद्धा विचारायची. मी त्याच इमारतीत दोन मजले वर राहते आणि विरारच्या एका पतपेढीत नोकरी करते. प्रश्न विचारताना आई माझ्याकडे मात्र बघायची नाही. उत्तर मीच आहे हे आम्हा दोघींना ठाऊक होतं, आणि त्या उत्तराची मला भीती वाटायची. मंजूवर माझं प्रेम आहे. पण आईसारखं जगणं मला जमलं नसतं, आणि मंजूचं दुसऱ्या कुणासारखं जगणं तेव्हा शक्य दिसत नव्हतं.

पहिल्या दिवशी आम्ही तिघी बाकासमोर उभ्या राहिलो. आईच्या पिशवीतून आधी अपेक्षित माल निघाला, तो डावीकडे गेला. मग एक स्टीलचा डबा निघाला. बाईंनी तो उघडला. आत केळं होतं. सोललेलं, वरच्या शिरा काढलेलं, चकत्या केलेलं, वर काटा. मंजूचा जीव केळ्यावर, आणि केळ्याच्या सालीखालचा ओलसर दोरा हाताला लागला तर तिचा दिवस संपतो, म्हणून आईची ही तयारी. केळीच्या वाडीत विरारच्या बाजारातलं केळं कापून नेणारी बाई जगात माझी आई एकटीच असेल. मला वाटलं, आता बाई काहीतरी लागट बोलणार. पण त्यांनी डबा डावीकडे ठेवला नाही, उजवीकडेही नाही, नुसता हातात धरून राहिल्या. मग मंजूचं वय विचारलं. आईने ते सांगितलं आणि लगेच आपला प्रश्नही विचारला.

"तुमच्यानंतरचं मला विचारू नका," बाई म्हणाल्या. "तुमच्यादेखत ती काय करते, ते सांगा."

आईने माझ्याकडे पाहिलं. मंजू टीव्हीचा रिमोट चालवते, एवढं मी शेवटी म्हणाले, आणि बाईंनी ते गंभीरपणे मान हलवून ऐकून घेतलं.

वाडीचा मुख्य कायदा दोन शब्दांचा होता: हात मागे. आईबापांनी विटांच्या एका ओळीपलीकडे यायचं नाही, तिथे बसायला बाकडी होती. आत मदतीला असणाऱ्या सोबत्यांनी चालताना हात पाठीमागे बांधायचे. कुणी अडखळलं, कुणाच्या हातून झारी पडली, कुणाला बुटाची नाडी सुटेना, की बघणाऱ्याचे हात आपोआप पुढे जातात, तेव्हा शेडच्या कुठल्याही कोपऱ्यातून बाईंचा आवाज यायचा. पडणाऱ्याला धरू नका असा त्याचा अर्थ नव्हता. विहिरीला जाळी होती, चिखलाच्या कडेने दोर होता आणि खरंच कुणी पडायला लागलं तर पहिल्या धावायच्या त्या बाईच. पण जे स्वतः होऊ शकतं, मग त्याला अख्खी सकाळ लागो, त्याला दुसऱ्याने शिवायचं नाही. त्या स्वतः दिवसभर हात मागे बांधून फिरायच्या आणि त्यामुळे छाती पुढे काढून गस्त घातल्यासारख्या दिसायच्या.

दुसरा कायदा, शाब्बासकी बंद. टाळ्या तर नाहीच. आम्हा पालकांना हे फार जड जायचं, कारण आमच्या मुलांनी चमचा उचलला तरी टाळ्या वाजवायची आम्हाला सवय. बाई म्हणायच्या की मी इतकी वर्षं लोकांच्या बॅगा तपासल्या, ज्यांच्या नीट निघाल्या त्यांच्यासाठी टाळ्या कधी वाजवल्या नाहीत, त्यांना फक्त पुढे जाऊ दिलं. काम झालं की पुढचं काम, हाच त्यांचा मान.

एकदा एक मोठे गृहस्थ आले. गावातलेच, पण आता गळ्यात साखळी आणि मागे दोन फोटोवाले. त्यांनी ब्लँकेट आणली होती, ती वाटतानाचे फोटो काढायचे होते. भर उन्हाळ्यात. बाईंनी त्यांनाही बाकासमोर उभं केलं आणि खिसे रिकामे करायला लावले. बूट उतरवले. मग डोळ्यांवर पंचा बांधून त्यांना सायमनच्या हवाली केलं. सायमन जन्मापासून आंधळा, चाळिशीचा, वाडीतला सोनचाफा तोच तोडतो, कारण कळी उमलायला आली की त्याला वासाने कळते. तो साहेबांना खांद्यावर हात ठेवायला सांगून अख्ख्या वाटेवरून घेऊन गेला. चिखलात साहेब घोट्यापर्यंत गेले आणि आता शिवी देतात की काय असं वाटलं. पण ते तिथेच थांबले, आणि लहानपणी असं चालायचो, असं पुटपुटत उगाच पाय रुतवत राहिले. फोटो काही निघाले नाहीत. पुढे ते बायकोला घेऊन परत आले, या वेळी ब्लँकेट न आणता, आणि बाईंनी खिसे तरीही तपासले.

आता केळ्याचं सांगते. शेडच्या आढ्याला पिकलेला लोंगर टांगलेला असायचा. केळ्याच्या अख्ख्या घडाला इकडे लोंगर म्हणतात. सकाळच्या कामानंतर चहापाव सगळ्यांना मिळायचा, त्यात अट नव्हती. केळं मात्र ज्याचं त्याने तोडायचं आणि ज्याचं त्याने सोलायचं. सायमन चाचपून तोडायचा, खुर्चीवाल्यांसाठी लोंगर दोरीने खाली यायचा. मंजू लोंगराखाली जाऊन उभी राहायची. केळ्यांकडे बघायची, मुठी छातीशी घ्यायची आणि थोड्या वेळाने चहापाव खाऊन गप्प बसायची. रोज हेच. विटांपलीकडून आई हे बघायची आणि पदराने डोळे पुसायची.

शेवटी आईचा बांध फुटला. ती विटा ओलांडून थेट शेडमध्ये गेली, लोंगराचं एक केळं ओढलं आणि सोलायला लागली. बाईंनी तिचा हात धरला. आई माझी बोलायला लागली की ऐकवत नाही. तुम्हाला मूलबाळ नाही, तुम्हाला कळायचं नाही, हेसुद्धा ती बोलून गेली. बाईंनी ते केळं तिच्या हातातून काढून घेतलं नाही. त्यांनी आईला बाकड्यावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. मी तोवर त्यांना कुणाशेजारी बसलेलं पाहिलं नव्हतं.

"माझा थोरला भाऊ होता," त्या म्हणाल्या. "मंजूसारखाच. आमच्या आईने त्याला फुलासारखं वाढवलं. आई गेली, त्यानंतर एक दिवस मी ड्युटीवर. संध्याकाळी परत आले, तर तो याच शेडमध्ये बसलेला. सकाळी ठेवलेला डबा कोंबड्यांनी सांडलेला. वर पिकलेला लोंगर, डोक्याला लागेल इतका खाली. आणि तो त्याच्याखाली दिवसभर उपाशी. चाळीस वर्षांचा माणूस, केळीच्या वाडीत जन्मलेला. त्याला केळं सोलायचं कुणी शिकवलंच नव्हतं."

पुढचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. नोकरी सोडणं शक्य नव्हतं, म्हणून भावाला दूरच्या एका संस्थेत ठेवावं लागलं. तिथे लोक चांगले होते, पण तिथे वाडी नव्हती. तो फार दिवस टिकला नाही. हे सांगताना त्यांचा आवाज बाकावर माल तपासतानाचाच होता. आईने हातातलं अर्धवट सोललेलं केळं तसंच धरून ठेवलं होतं. मग ती उठली, केळं बाईंच्या हातात दिलं आणि विटांपलीकडे येऊन बसली. घरी जाताना रिक्षात ती रडली नाही. फक्त एवढंच म्हणाली की बाईंच्या आईने काही वाईट केलं नव्हतं गं.

कस्टमबाईंची एक गोष्ट फक्त मला माहीत आहे, असं मी बरीच वर्षं समजत होते. एकदा पतपेढीला सुट्टी होती म्हणून मी मंजूला स्कूटरवरून लवकर घेऊन आले. बाकावर कुणी नव्हतं. मंजू सवयीने शेडच्या दाराशी जाऊन सुकी पानं चुरत बसली, आणि मी आत पाहिलं तर बाई लोंगरापाशी. इकडेतिकडे बघून त्यांनी मंजूच्या उंचीला येणारं पुढचं केळं धरलं, अंगठ्याने त्याचा देठ हलकाच वाकवला, साल जराशी फाटेल इतपतच, आणि सोडून दिला. मग मला पाहिलं. आयुष्यभर लोकांचा चोरटा माल पकडलेली बाई तशी पकडली गेल्यावर कशी दिसते ते मी डोळे भरून बघून घेतलं.

मी विचारलं, हा देठ कोणी मोडला. बाई म्हणाल्या, पोपटांनी केलं असेल. मी म्हटलं, बाई, पोपट फळ टोचतात, देठ मोडून ठेवत नाहीत. "हे निर्मळचे पोपट आहेत, पतपेढी," त्या म्हणाल्या आणि हात मागे बांधून निघून गेल्या. मला त्या कायम पतपेढीच म्हणत. मंजू पानं चुरत होती, तिचं लक्ष नव्हतं. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी वाडीत आले की मी नजर ठेवायची. दर वेळी एक देठ मोडलेला असायचा, आणि दर वेळी ते केळं दुपारी सायमनच्या वाट्याला जायचं. तो म्हणायचा की बाई, हल्ली केळी आपोआप उघडतात.

पावसाळा सरला आणि सुकेळ्यांचे दिवस आले. राजेळी केळी सोलून, मांडवावर उन्हात वाळवून, सुक्या केळीच्या पानात बांधायची. निर्मळच्या जत्रेला ती लागतातच. वाडीत सगळे सोलायला बसलेले. मंजूला थेरपिस्ट मुलीने सुकी पानं पसरायचं काम दिलं होतं, कारण सुकं पान तिच्या हाताला आवडायचं. तोवर ती वाळूतून सोडणांपर्यंत आली होती, ओल्या मातीला बोटाचं टोक लावायची आणि पुसायची. त्या सकाळी ती पानं पसरता पसरता उठली, लोंगराखाली गेली आणि नेहमीसारखी उभी राहिली. मग तिने हातातलं सुकं पान केळ्याभोवती गुंडाळलं आणि पानासकट केळं ओढलं. देठ मोडलेला होताच. पानातूनच तिने साल खाली खेचली, एक, मग दुसरी. दोरा लोंबत होता, तो पानाने पुसून टाकला. हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. आमच्यापैकी कुणाला सुचलंही नसतं.

ती केळं खात होती आणि विटांपलीकडे आईचे दोन्ही हात वर गेले होते, टाळीसाठी. बाईंनी नुसतं बघितलं. आईने ते हात खाली घेऊन पदरात गुंडाळले. मंजूचं खाऊन झालं तेव्हा बाई म्हणाल्या, "साल बादलीत." मंजूने साल बादलीत टाकली. बाई मग विहिरीमागे गेल्या आणि बराच वेळ नाक शिंकरत राहिल्या. परत आल्यावर थेरपिस्ट मुलीला म्हणाल्या की साहेब, तुमचं बरोबर होतं, त्या मोगऱ्याचा त्रास होतो.

पुढची वर्षं काही जादूची नव्हती. मंजू चिखलात अजूनही पाय ठेवत नाही, आणि केळीचा चीक लागला की ओरडते. पण ती दात स्वतः घासते. सुकं पान घरी आणून ठेवते आणि ते धरून काहीबाही उघडते, डबे, नळ, दुधाची पिशवी. आमच्या घरात सुक्या केळीच्या पानांची एक जुडी कायम ओट्यावर असते, जशी इतरांच्या ओट्यावर सांडशी. निर्मळच्या स्टॉपवर उतरून ती वाडीपर्यंत एकटी चालत जाते. सुरुवातीला मी मागून जायची, झाडाआड लपून. एकदा बाईंनी मला झाडाआड पकडलं आणि माझी पर्स तपासली.

गेल्या हिवाळ्यात बाईंना झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ जड झाली. इस्पितळातून भाच्यांनी त्यांना वाडीतल्या घरी आणलं. भाच्या खरंच गुणी. रात्रंदिवस पाळी लावून बसायच्या. सगळं निर्मळ लोटलं. कुणी सूप आणलं, कुणी पेज, कुणी प्रार्थना. डॉक्टर म्हणाले होते की गिळायला अडचण नाही, मऊ काहीही द्या, ताकद यायला हवी. पण बाई तोंड उघडेनात. भाची चमचा पुढे करायची आणि बाई मान भिंतीकडे वळवायच्या. गळ्याला नॅपकीन बांधला होता. मला आधी दिसला तो नॅपकीन, आणि मला रडूच आलं. लोक बाहेर येऊन कुजबुजत होते की त्यांची जगायची इच्छा संपली. फार चांगल्या होत्या, असंही एक जण म्हणाला, आणि त्याच्या त्या 'होत्या'चा मला इतका संताप आला की मी त्याला तिथेच सुनावलं.

आम्ही तिघी गेलो तेव्हा खोली माणसांनी भरलेली होती. भाची चमचा घेऊन कडेला बसलेली, "मावशी, एक घास, माझ्यासाठी," असं विनवत होती. आईही पुढे सरसावली. तिला भरवण्याचा अनुभव दांडगा. तिने भाचीकडून वाटी घेतली आणि ज्या सुरात ती तीस वर्षं मंजूला बोलली त्या सुरात बाईंना बोलू लागली. बाईंनी डोळे मिटून घेतले. तो चेहरा मी ओळखला. मंजूच्या मुठींसारखा तो चेहरा घट्ट मिटला होता.

मंजू काही वेळ दाराशी उभी होती. मग ती शेडकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात सुक्या पानात धरलेलं एक केळं होतं. तिने आईच्या आणि भाचीच्या मधून वाट काढली, केळं चादरीवर बाईंच्या डाव्या हाताशी ठेवलं आणि मागे झाली. भाचीने चटकन ते उचलायला हात पुढे केला, सोलून कुस्करून द्यावं म्हणून.

"हात मागे," मंजू म्हणाली.

बाईंचाच सूर. ना राग, ना विनंती. भाचीचा हात थबकला. मंजूने स्वतःचे हात पाठीमागे बांधले होते आणि ती खोलीतल्या एकेकाकडे बघत होती. माझे हात मागे गेले. सायमन कोपऱ्यात उभा होता, त्याने ऐकलं आणि त्याचेही गेले. भाचीने चमचा पाठीमागे धरला. शेवटी आई राहिली, हातात वाटी घेतलेली. तिने मंजूकडे पाहिलं, अगदी नव्या माणसाकडे पाहावं तसं. मग वाटी खाली ठेवली आणि म्हातारे हात कसेबसे पाठीशी नेले.

बाईंनी डोळे उघडले. डावा हात चादरीवरून सरकला, केळ्याला लागला, केळं निसटलं. आईच्या खांद्यांना झटका बसला, पण हात मागेच राहिले. बाईंनी पुन्हा चाचपलं, केळं धरलं, निर्जीव उजव्या हाताच्या आणि कुशीच्या बेचक्यात दाबून बसवलं. खूप वेळ लागला. बाहेर कोंबड्या ओरडत होत्या आणि आत कुणी हलत नव्हतं. मग त्यांनी डाव्या हाताने देठ ओढला, आणि साल सरळ खाली आली.

त्या थांबल्या. देठ त्यांनी डोळ्यांजवळ नेला, खिडकीच्या उजेडात धरला, बाकावरचा माल धरायच्या तसा. तो आधीच मोडलेला होता. हलकाच वाकवून, साल जराशी फाटेल इतपतच. त्यांनी एकेकाचा चेहरा पाहिला. माझ्यावर नजर थांबली, मी मान हलवून नाही म्हटलं. मग त्या मंजूकडे वळल्या.

"को...णी?" जड जिभेने त्यांनी विचारलं.

मंजू खिडकीबाहेर बघत होती, हात मागे बांधून.

"पोपट," ती म्हणाली.